कोरड्या दिवसांतलं पाणी

पुलाजवळचा चढ अर्धा चढून झाल्यावर गाडीनं मान टाकली. आचका नाही, आवाज नाही. मुठीतला जोर तेवढा नाहीसा झाला, आपण एखाद्या आजारी माणसाचा हात धरलेला असावा आणि त्याच्या बोटांतली ताकद एकाएकी निघून जावी तसा. हा प्रकार तिच्या कामातला होता, त्यामुळे तिला तो लगेच ओळखू आला आणि लगेच संतापही आला. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. ड्रेसिंगची बॅग खांद्यावर सावरत, पाय टेकत टेकत तिनं गाडी कडेला घेतली आणि मनातल्या मनात म्हणत राहिली, आज नको, आज मास्तरीणबाईंच्या टाचेची पट्टी सोडायचीय, बाकी कधीही चालेल पण आज नको. किल्ली फिरवून पाहिली. आकड्यांची काच उजळली, पण आकडे धड दिसेनात. काचेवर वाफ धरली होती. तिनं पदरानं पुसली, पुन्हा पुसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की वाफ आतल्या बाजूला आहे. वर आभाळ घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख होतं. कित्येक आठवड्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. रस्त्याकडेची झुडपं धुळीनं पांढरी झाली होती. मग हे पाणी आत शिरलं कुठून?

गाडी ढकलत ती निघाली. बॅटरीवरची ही मोपेड चालताना कशी फुलासारखी वाटायची, आणि ढकलायला लागल्यावर म्हशीसारखी. घामानं ब्लाउज पाठीला चिकटला. घरोघरी जाऊन जखमा बांधायचं काम करायला लागल्यापासून तिचा सगळा दिवस या गाडीवर टांगलेला होता. कुणाची पाठ, कुणाचं शस्त्रक्रियेचं पोट, कुणाचा साखरेनं खाल्लेला अंगठा; एकाकडे उशीर झाला की पुढची सगळी माळ ओघळायची. आणि गाडीनं सांगितलं नव्हतं असंही नव्हतं. गेले काही दिवस ती सुरू होताना उगाच एक शिट्टी मारायची. हळू चालवताना उचकी लागल्यासारखे झटके द्यायची. ब्रेक सोडला तरी मागचा लाल दिवा जळत राहायचा, आणि सिग्नलला मागून येणारी माणसं, बाई थांबतेय की चाललीय, म्हणून खेकसायची. तिनं प्रत्येक वेळी नवऱ्याला सांगितलं होतं. तो म्हणायचा, "धूळ बसली असेल कुठेतरी. मी बघतो." त्याचं बघणं म्हणजे काय हे ठरलेलं होतं. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात त्यानं आयुष्य काढलं होतं. तिथे पाळी संपली की अख्खी यंत्रं दाबाच्या पाण्यानं धुऊन काढायची, एक कण राहता कामा नये, असा दंडक होता आणि त्या कामावर तो मुकादम होता. कारखाना बंद पडला, पण त्याच्या हातातली नळी काही खाली पडली नाही. दाबाचं पाणी मारणारा एक छोटा पंप त्यानं घरी आणला होता, आणि दर रविवारी इमारतीच्या मागच्या फरशीवर गाडी उभी करून तो तिला नाकातोंडातून पाणी जाईपर्यंत धुवायचा. सीटखाली, चाकाच्या आसाशी, हँडलच्या सांध्यात. शेजारीपाजारी म्हणायचे, गाडी ठेवावी तर अशी. तिलाही बरं वाटायचं. दिवसभर खिडकीशी बसणारा माणूस तेवढा वेळ तरी शीळ घालायचा.

मिस्त्रीच्या दुकानापर्यंत पोचेतो तिच्या तळहातांना रबराचा काळा रंग लागला होता. मिस्त्रीला जबरदस्त सर्दी झाली होती आणि तो प्रत्येक वाक्याआधी नाक ओढायचा. त्यानं गाडीकडे न बघता आधी तिच्याकडे बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मग पाय ठेवायच्या जागेवरचं झाकण उघडलं, बोटाएवढा एक जोड सोडवला आणि उजेडात धरला. तांब्याच्या पिनांवर हिरवट पांढरं, पिठूळ काहीतरी साचलं होतं. तिनं न सांगता मान खाली केली आणि वास घेतला. हे तिच्या अंगवळणीच पडलं होतं, उघडायच्या आधी हुंगायचं. ओलसर, कुजकट, तळघरातल्या पितळेसारखा वास.

"पाण्यातून घातली होती का?" मिस्त्रीनं विचारलं.

"पाणी आहे कुठे घालायला?"

"एका दिवसाचं नाहीये हे. आत गेलं, सुकलं, पुन्हा गेलं, पुन्हा सुकलं. महिनोन्‌महिने चाललंय." त्यानं नाक ओढलं. "पावसाचं पाणी वरून पडतं, त्याची सोय केलेली असते. हे जोरानं आत घुसवलेलं आहे. धुता कशी गाडी?"

उत्तर तिच्या तोंडात आलं होतं, अगदी जिभेच्या टोकाशी, पण तिथेच अडलं. समोर उघड्या गाडीच्या पोटात ती बघत राहिली आणि तिला नवरा दिसत राहिला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला, एक डोळा मिटून नळीचा नेम धरणारा. दर वेळी ती तक्रार करायची, दर वेळी तो अजून आत पाणी मारायचा. ती म्हणायची अजून बिघडलीय, तो म्हणायचा या वेळी नीट धुतो. एकमेकांच्या हातात हात घालून दोघांनी गाडी मारली होती. हसू यावं अशी गोष्ट होती, पण तिला हसू आलं नाही.

मिस्त्रीनं सीटखालून बॅटरी बाहेर काढली, उलटी करून तिच्या जोडावरून नख फिरवलं. तिथे पाण्याची एक पुसट रेघ उमटली होती. मग त्याची चाल बदलली, बोलणं हळू झालं. "गाडी ठेवून जा. मोटारला वीज सोडणारी पेटी उघडून वाळवून बघतो, जमलं तर जमलं. पण ही बॅटरी मी ठेवणार नाही. आज मला लवकर जायचंय, दुकान बंद असणार, आणि वर सगळा लाकडी माळा आहे. भिजलेली बॅटरी बंद खोलीत ठेवत नाहीत. उद्या तपासणारा माणूस येतो, त्याला दाखवू. तोवर उघड्यावर ठेवा, सावलीत, माणसांपासून लांब. उन्हात वाळवायची नाही, फुंकायची नाही. आणि काय वाटेल ते झालं तरी चार्जिंगला लावायची नाही. आत ओल असली तर चार्जिंगला लावणं म्हणजे झोपलेल्याला लाथ मारणं."

तिनं नवऱ्याला फोन लावला. बॅटरी घेऊन जा, मी बसनं पुढे जाते. तो दहा वेळा 'हॅलो' म्हणाला, मग म्हणाला, "काय झालंय काय पण?"

"खराब झालीय. मागच्या गच्चीत ठेवा, सावलीत. चार्जिंगला लावू नका."

"खराब म्हणजे? परवाच तर धुतली."

इथे सांगता आलं असतं. मिस्त्री समोर उभा होता, रुमालानं नाक पुसत, तिच्या तोंडाकडे बघत. तिनं पाठ फिरवली आणि म्हणाली, "ते नंतर बोलू. चार्जिंगला मात्र लावू नका."

"हो गं, कळलं," तो म्हणाला.

बसमध्ये उभ्यानं जाताना ती स्वतःवर चरफडत राहिली. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाशी आपण पायात काटा रुतल्यासारखं बोलतो, दुखू नये म्हणून काट्याच्या आजूबाजूला दाबत. कारखाना बंद झाला त्या आठवड्यातली गोष्ट तिला आठवली. तो सकाळी नेहमीप्रमाणे डबा मागायचा आणि तीही भरून द्यायची. तो कुठल्यातरी बागेत बसून डबा खाऊन यायचा. दोघांनाही माहीत होतं, आणि दोघंही बोलत नव्हती. शेवटी एक दिवस त्यानं डबा न मागता चपला काढून ठेवल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसली. याला समजूतदारपणा म्हणतात असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता, बसच्या दांड्याला लोंबकळताना, तिला वाटलं की समजूतदारपणा वगैरे काही नाही, हा निव्वळ भित्रेपणा आहे, तोही फुकट कौतुक मिळवणारा. जखमेवर पट्टी बांधून ठेवली आणि महिनाभर सोडलीच नाही, असं एखाद्या रोग्याच्या घरच्यांनी केलं तर आपण त्यांना किती बोलतो.

मास्तरीणबाई उशिराबद्दल बोलल्याच. शाळा सोडून जमाना झाला तरी त्यांना उशिरा येणारा माणूस अंगठे धरून उभा करावासा वाटायचा. टाचेची जखम मात्र भरत होती, कडा गुलाबी झाल्या होत्या. "तुझं लक्ष नाहीये आज," त्या म्हणाल्या. तिनं गाडी बंद पडल्याचं सांगितलं. "मग नवऱ्याला सांग दुरुस्त करायला. घरीच असतो ना?" त्यावर ती काहीबाही बोलली आणि चिकटपट्टी दातानं तोडली. उरलेल्यांपैकी दोघांना तिनं फोन करून उद्यावर ढकललं आणि भर दुपारी घरी निघाली. का निघाली हे तिला सांगता आलं नसतं. फोनवरचं ते "हो गं, कळलं" कानात खड्यासारखं टोचत होतं. खरं तर काहीच न कळता तो असं म्हणतो, तेव्हाचा हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

दार उघडल्याबरोबर सासूबाईंचा प्रश्न आला. त्यांना ऐकू कमी यायचं, पण नाक अजून जागं होतं. बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर त्या कुशीवर पडल्या होत्या. "नखांना काय लावलंस गं? गोड गोड वास येतोय केव्हाचा."

तिनं वास घेतला. नखांच्या रंगासारखा, गोडसर, डोक्यात जाणारा. खाटेच्या पायथ्याशी, भिंतीच्या प्लगला जोडलेली, स्टुलावर ठेवलेली बॅटरी. चार्जरचा दिवा एकदा लाल, एकदा हिरवा, एकदा लाल. नवरा जमिनीवर मांडी घालून तिच्यासमोर बसला होता, लहान मूल जेवत नसलं की त्याच्याकडे बघावं तसा.

"घेतीये चार्ज," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "काही झालेलं नाही हिला. ते मिस्त्री लोक घाबरवतात उगाच. मी आधी पुसून, पंख्याखाली वाळवून—"

तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. बॅटरीची एक बाजू फुगली होती. फार नाही, पोट भरून जेवलेल्या माणसाच्या सदऱ्याचं बटण ताणावं एवढी. आतून एक बारीक आवाज येत होता, चुलीवरच्या ओल्या लाकडासारखा. तो उठला आणि ती उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "आधी आईंना बाहेर काढ."

सगळ्या संसारात तिनं त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. त्याचे हात हवेतच राहिले. मग तो वळला, आईला लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचललं आणि जिना उतरू लागला. "अरे, कुठे नेतोयस मला, चपला राहिल्या," सासूबाई म्हणत राहिल्या. ती दार उघडं टाकून मागोमाग निघाली, उतरता उतरता प्रत्येक मजल्यावरची दारं ठोकत, सगळ्यांना खाली यायला सांगत, फोन कानाला लावून अग्निशमन दलाच्या माणसाला पत्ता समजावत. आवाज तिचा स्थिर होता. रोग्याच्या अंगातून रक्त वाहत असताना येतो तो आवाज.

ती माणसं आली तोवर वरच्या खिडकीतून करडा धूर निघायला लागला होता. तोंडाला मुखवटे बांधून दोघं वर गेले आणि लोखंडी घमेल्यात घालून बॅटरी खाली घेऊन आले. मागच्या मोकळ्या जागेत, ज्या फरशीवर तो गाडी धुवायचा तिथे, त्यांनी ती एका पाण्यानं भरलेल्या पिंपात सोडली. पाणी खदखदलं, फुसफुसलं, बुडबुडे येत राहिले. "आता दोन-तीन दिवस पाण्यातच असू द्या हिला," एक जण म्हणाला. "पाण्यातून बाहेर काढायची नाही." नवऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपली थट्टा करतोय की काय. नुकसान काही फार नव्हतं. स्टूल जळालं होतं, गादीचा पायथा वितळला होता, भिंतीवर माणसाएवढा काळा डाग. खाटेच्या पायथ्याची ती गादी बघून ती पुन्हा खाली आली आणि खालच्या पायरीवर बसली. शेजारी नवरा बसला होता. त्याच्या हातात आईच्या चपला होत्या, कधी घेऊन आला कोण जाणे. सासूबाई शेजारणीच्या घरी चहा पीत, गोड वास आपल्याला आधी आला हे सगळ्यांना सांगत होत्या.

"लावू नका म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. ओरडायचं ठरवून ती बसली होती, पण निघालं ते एवढंच, आणि तेही चिरकं.

"हो."

"मग का लावली?"

त्यानं चपलांच्या पट्ट्या सरळ केल्या. "तू आलीस की सांगायचं होतं, बघ, चालू केली," तो म्हणाला. "तू नुसतं खराब झालीय म्हणालीस. कशानं ते नाही सांगितलंस. मला वाटलं, हिला परत मी दुरुस्त करून दाखवतो."

"पाण्यानं झाली. आत पाणी गेलंय, महिनोन्‌महिने. तुमच्या नळीनं."

झालं बोलून. तिला वाटलं होतं, हे वाक्य उच्चारलं की काहीतरी कोसळेल. त्यानं मान हलवली, सावकाश, जसं कुणी पत्ता सांगत असावं आणि आपण लक्षात ठेवत असावं. समोर पिंपातला आवाज आता मंद झाला होता.

"हे फोनवरच सांगायचं होतंस ना," तो म्हणाला. "भिजलीय म्हणाली असतीस तर लावली नसती मी. ओल्या यंत्रात वीज सोडायची नाही, हे मीच शिकवायचो पोरांना."

राग होता, भरपूर होता, पण तो आता कुणीकडे फेकावा हे कळेना. त्याच्याकडे फेकला तर अर्धा तिच्याच अंगावर परत यायचा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि ते वाक्य किती ओशाळं आहे हे ऐकू आल्यासारखं होऊन तिनं ते मिटलं. जपणूक जपणूक म्हणत आपण त्याला आंधळं करून ठेवलं, आणि मग आंधळा धडपडला म्हणून त्याच्यावर चिडलो. आणि तरीही, तरीही, सांगितलेलं ऐकायला याला काय झालं होतं? दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीनं दुसरी फिटत नव्हती. ती उठली. वर जाऊन भिंत पुसायला घेतली, आणि डाग पसरतच गेला.

पुढचे दिवस बसचे होते. गाडीची पेटी मिस्त्रीनं वाळवली, जोड बदलले, पण नवी बॅटरी यायला वेळ होता. पहिल्याच सकाळी ती निघाली तेव्हा नवरा चपला घालून दारात उभा. "बॅग जड असते, मी येतो," म्हणाला. तिनं नको म्हटलं. तो आला. बसमध्ये तो तिच्या मागे उभा राहायचा, बॅग छातीशी धरून, आणि तिला प्रत्येक थांब्याला त्याचा श्वास मानेवर जाणवायचा आणि चीड यायची. जिन्यात तो बाहेर थांबायचा. लोकांच्या चपला ओळीत लावून ठेवायचा. एकीकडे तर त्यानं दारावरच्या घंटीचा सैल झालेला स्क्रू नखानं पिळून बसवला, आणि ती त्याच्यावर विनाकारण खेकसली, "सगळ्याला हात लावलाच पाहिजे का?" तो म्हणाला, "बरं." दिवसभर तो फक्त बरं म्हणत होता. हे बरं ऐकण्यापेक्षा भांडण बरं, असं तिला वाटायचं, पण भांडणाला दोन माणसं लागतात.

मास्तरीणबाईंकडे मात्र त्याला बाहेर राहता आलं नाही. त्यांनी दाराच्या फटीतून सावली पाहिली. "बाहेर कोण उभं आहे?"

"माझे मिस्टर."

"मग जिन्यात काय शिक्षा म्हणून उभे केलेत? आत बोलाव."

तो आत आला, बॅग दोन्ही हातांनी धरून. त्या दिवशी टाच जरा उचलून बांधायची होती आणि बाईंना पाय वर धरवत नव्हता. उशी सरकत होती. एकदा सरकली, दोनदा सरकली, तिच्या कपाळावरची शीर उठली. "जरा धरा," ती त्याला म्हणाली, "इथे, घोट्याच्या खाली. दाबू नका." तो जमिनीवर बसला. त्यानं तळवे एकमेकांशेजारी ठेवून त्यात ती सुरकुतलेली टाच घेतली. ती जुनी पट्टी सोडत असताना त्यानं मान फिरवली नाही. जखमेकडे तो नीट बघत होता, भुवया जवळ घेऊन.

"वास नाहीये," तो हळूच म्हणाला.

"नाहीये. बरी होतेय ती."

बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही काय करता?"

तिचा हात कात्रीवर थबकला. हा प्रश्न कुठेही आला, लग्नात, दवाखान्यात, जिन्यात, की ती त्याच्या आधी बोलायची. त्यांचं चाललंय काहीतरी, बघतायत एकदोन ठिकाणी. हे इतकं सवयीचं झालं होतं की आताही ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तिनं ओठ मिटून घेतले. बाहेर बस येऊन निघून गेल्याचा आवाज आला. म्हणजे पुढच्या घरी पुन्हा उशीर, पुन्हा बोलणी.

"काही नाही," तो म्हणाला. "कारखाना बंद पडला. तेव्हापासून घरीच असतो."

"हं," बाई म्हणाल्या. "मीही घरीच असते."

ती पट्टी गुंडाळू लागली, एकेक वेढा टाचेखालून, त्याच्या बोटांवरून, पुन्हा वर. दर वेढ्याला तो एक बोट काढून घेत होता आणि वेढा गेला की परत ठेवत होता. पाय मात्र त्यानं जराही हलू दिला नाही.